काकांचं 'किंबहुना' आणि कॉम्प्युटरचं 'आणि'

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून भांडणं चालली होती, तेव्हा एके दिवशी सकाळी प्रत्येकाच्या दाराखालून एक कागद सरकवलेला मिळाला, टाइप केलेला, खाली सही नाही, नाव नाही, नुसतं 'एक त्रस्त सभासद'. दहा मिनिटांत अख्ख्या बिल्डिंगने ठरवलं की हे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचंच काम, कारण कागदात तीन वेळा 'किंबहुना' होतं, आणि पसायदान सोडलं तर किंबहुना म्हणणारा माणूस आमच्याकडे एकच. झालं, निकाल लागला. मीही हसले. पण रात्री डोक्यात किडा वळवळायला लागला की समजा मलाच काकांना गोत्यात आणायचं असतं तर मी काय केलं असतं? हेच की. कागदभर किंबहुना पेरले असते.

तर या लेखाचा विषय हाच आहे. लिहिणारा कोण हे लिखाणावरून ओळखता येतं का, आणि येत असेल तर कशावरून. साहित्याचा अभ्यास कॉम्प्युटरने करायचं जे एक मोठं शास्त्र झालंय, ज्याला डिजिटल ह्युमॅनिटीज वगैरे भारदस्त नावं आहेत, त्यातली ही सगळ्यात चटपटीत शाखा, स्टायलोमेट्री, म्हणजे शैली मोजणं. मी पोटापाण्यासाठी डेटाचं काम करते आणि मराठी पुस्तकं हा घरचा नाद, त्यामुळे या दोन्हीची गाठ पडते तिथे मी जरा जास्तच रमते, एवढं समजून घ्या.

गंमत अशी आहे की या धंद्यात 'किंबहुना'ला कोणी फार किंमत देत नाही. जो शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यात भरतो तो लिहिणाऱ्याच्याही लक्षात असतो, त्यामुळे तो टाळता येतो, आणि दुसऱ्याला त्याची नक्कलही करता येते. किंमत असते ती 'आणि', 'पण', 'तर', 'की', 'मग' असल्या किरकोळ शब्दांना, जे आपण वाचताना बघतही नाही आणि लिहिताना निवडतही नाही, हात आपोआप टाकतो. स्वयंपाकासारखंच आहे हे. आज वांगी केली की बटाटा हे कोणीही बदलेल, पण फोडणीत मोहरी किती आणि हिंग किती हे हाताचं माप असतं. बाहेरून आलेला डबा उघडून पहिल्या घासाला आई म्हणते की हे मावशीने केलेलं नाही, आणि कशावरून म्हटलं तर तिलाही धड सांगता येत नाही. कॉम्प्युटर ते हाताचं माप मोजतो.

कॉम्प्युटर आणि बारके शब्द यांची गोष्ट एका इटालियन पाद्र्यापासून सांगायची पद्धत आहे. फादर रोबेर्तो बुसा हे जेझुइट, थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकातल्या तत्त्वज्ञावर पीएचडी करत होते. विषय असा की अक्वायनसच्या मनात 'सान्निध्य', म्हणजे देवाचं असणं, ही कल्पना नेमकी काय होती. आपण काय करू, 'सान्निध्य' हा शब्द कुठे कुठे येतो ते शोधू. त्यांनीही तेच केलं, पण लवकरच त्यांच्या लक्षात आलं की खरी कल्पना त्या जडजड शब्दात नाहीचे, ती 'इन' या लॅटिनमधल्या चिमुकल्या शब्दात आहे, म्हणजे आपल्या 'आत' किंवा 'मध्ये'त. मग त्यांनी 'इन' असलेली वाक्यं हाताने कार्डांवर उतरवली, एकदोन नाही, दहा हजार कार्डं! त्यातून पीएचडी झाली आणि मग साहजिकच वाटलं असणार की हे मशीनला करता आलं तर किती बरं, म्हणून ते १९४९ मध्ये अमेरिकेत जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. पंचकार्डांचं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून मशीनला मजकूर द्यायचं युग होतं. एक कोटीच्या वर शब्दांची सूची करायची होती, ती छापून निघायला १९७० चं दशक उजाडलं, ५६ खंड झाले. फोटोत बुसा दिसतात, पण ती लाखो कार्डं पंच करायचं किचकट काम बहुतेक तरुण मुलींनी केलं आणि त्यांची नावं शोधायला अभ्यासकांना अलीकडे बरीच उठाठेव करावी लागली. हे मुद्दाम सांगितलं कारण टायपिंग कोणी केलं हा मुद्दा पुढे परत येणार आहे.

आता कोणी लिहिलं ते ओळखण्याची सगळ्यात गाजलेली केस. १७८७-८८ मध्ये अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून न्यूयॉर्कच्या पेपरांत ८५ निबंध आले, सगळ्यांखाली टोपणनाव एकच, 'पब्लियस'. लिहिणारे तिघे, अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. पुढे हॅमिल्टन १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात मेला, पण त्याच्या दोनच दिवस आधी एका मित्राच्या ऑफिसात जाऊन तिथल्या एका पुस्तकात चिठ्ठी ठेवून आला की कुठला निबंध कोणाचा, आणि त्यात ६३ स्वतःच्या नावावर लावलेले. नंतर मॅडिसनने आपली यादी दिली, ती जुळेना. शेवटी घोळ उरला तो १२ निबंधांचा. दोघंही म्हणतात माझे. दीडशे वर्षं इतिहासकार यावर भांडत होते, आणि भांडणारा ज्या पक्षाचा त्याला ते निबंध त्या माणसाचे वाटायचे, म्हणजे आपल्याकडे चालतं तसंच.

१९४१ मध्ये फ्रेडरिक मॉस्टेलर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर पहिला प्रयत्न केला. वाक्यांची लांबी मोजली. वाटणार ना, की एकजण लांबलचक लिहीत असेल, एकजण तुटक. उत्तर आलं, हॅमिल्टनचं सरासरी वाक्य ३४.५५ शब्दांचं, मॅडिसनचं ३४.५९. कप्पाळ! एवढी मेहनत करून दोघं जुळे भाऊ निघाले. मग बरीच वर्षं विषय बासनात. १९५९ मध्ये एका इतिहासकाराने मॉस्टेलरना कळवलं की अहो, हॅमिल्टन 'व्हाइल' लिहितो आणि मॅडिसन त्याच अर्थाने 'व्हाइल्स्ट' लिहितो. म्हणजे आपल्याकडे एकाने 'आणि' लिहावं आणि दुसऱ्याने 'व', अगदी तस्सं. तिथून गाडी रुळावर आली. मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी असे बारके शब्द शोधून काढले. सगळ्यात नामी सापडला 'अपॉन'. हॅमिल्टनच्या लिखाणात तो हजार शब्दांत तीनेकदा येतो, मॅडिसनच्या चार-साडेचार हजार शब्दांत एखादा. सुरुवातीला हे शब्द कागदी पट्ट्यांवर टाइप करून, एकेक शब्द कापून, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावून मोजत होते, आणि कोणी जोरात श्वास सोडला तरी सगळ्या चिठ्ठ्या उडून सत्यानाश. मग मशीन आलं. १९६४ मध्ये निकाल छापला, तीसेक शब्दांच्या आधाराने, की वादातले बाराच्या बारा मॅडिसनचे. त्यातल्या त्यात ५५ नंबरचा निबंध जरा कच्चा, पण कल तिकडेच.

एक लक्षात घ्या, इथे एका शब्दावर निकाल लागलेला नाही. 'अपॉन' एखाद्या दिवशी मॅडिसनच्याही हातून सुटेल. प्रत्येक शब्द थोडा थोडा पुरावा देतो, पारडं इकडे नाहीतर तिकडे जरासं झुकवतो, आणि तीस शब्द एकाच बाजूला झुकवायला लागले की मग योगायोग म्हणणं अवघड होतं.

आज सगळीकडे जी पद्धत वापरतात ती ऑस्ट्रेलियातल्या जॉन बरोज यांनी २००२ मध्ये सांगितली, तिचं नाव डेल्टा. ऐकायला अवघड, करायला सोपी. सगळ्या पुस्तकांमध्ये मिळून सगळ्यात जास्त येणारे शंभर-दोनशे शब्द घ्यायचे. प्रत्येक लेखक प्रत्येक शब्द हजारात किती वेळा वापरतो ते काढायचं. आता इथे एक अडचण येते. समजा 'आणि' सगळेच हजारात वीस-पंचवीस वेळा वापरतात आणि 'मात्र' दोन-तीन वेळा (हे आकडे मी नुसते समजण्यासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत). मग नुसती वजाबाकी केली तर 'आणि'चा फरक नेहमी मोठा दिसणार आणि 'मात्र' बिचारं दबून जाणार. म्हणून प्रत्येक शब्दाला त्याच्याच मापाने मोजायचं, सर्वसाधारणपणे लेखकांमध्ये या शब्दाचा वापर किती मागेपुढे होतो, आणि त्या मानाने हा लेखक किती लांब आहे. शाळेत गणितात दहा मार्कांचा फरक आणि चित्रकलेत दहा मार्कांचा फरक सारखा नसतो ना, चित्रकलेत सगळ्यांनाच ऐंशीच्या आसपास मिळतात, तसं. मग सगळ्या शब्दांचे हे फरक एकत्र करून सरासरी काढली की दोन पुस्तकांमधलं 'अंतर' म्हणून एक आकडा मिळतो. बेवारशी पुस्तकाचं अंतर ज्याच्याशी सगळ्यात कमी, तो संशयित नंबर एक. बस, एवढंच आहे. कुठलीही एआयची जादू नाही. गुणाकार भागाकार येणारी चौथीतली मुलगीही करेल, फक्त तिला चार जन्म लागतील.

२०१३ मध्ये हे पेपरात पहिल्या पानावर आलं. रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या नवख्या माणसाची एक रहस्यकथा आली होती आणि एका ब्रिटिश पेपरला कुणकुण लागली की ही हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईंची आहे. त्यांनी अमेरिकेतले पॅट्रिक जुओला आणि ऑक्सफर्डचे पीटर मिलिकन यांना पुस्तक दिलं. जुओलांनी चार गोष्टी मोजल्या, शब्दांच्या लांबीचं प्रमाण, सगळ्यात जास्त येणारे शंभर शब्द, शब्दांच्या जोड्या, आणि चार-चार अक्षरांचे तुकडे. रोलिंग आणि आणखी तीन रहस्यकथा लेखिका यांच्याशी ताडून बघितलं. रोलिंग पुढे आल्या, पेपरने विचारलं, त्यांनी कबूल केलं. लोकांना वाटलं मशीनने चोर पकडला. पण आधी कुणकुण होती हे विसरू नका. मशीनने एवढंच सांगितलं की या चार जणींपैकी ही सगळ्यात जवळची. खरी लेखिका यादीत नसती तरी मशीनने कोणाचं तरी नाव सांगितलंच असतं, कारण 'यातलं कोणीच नाही' असं ते आपणहून म्हणत नाही, ते म्हणायला वेगळी मेहनत करावी लागते. ओळख परेडला खरा चोर नसला तरी साक्षीदार कोणाकडे तरी बोट दाखवतोच.

आणि हो, काकांचा कागद. मी खरंच तो टाइप केला आणि काकांनी लिहिलेली सोसायटीची जुनी मिनिट्स काढून बसले. अर्ध्या तासात कळलं की काही उपयोग नाही. कागद एक पान, दोन-अडीचशे शब्द. यातल्या जाणकारांचं म्हणणं असं की भरवशाचं उत्तर हवं तर साधारण पाच हजार शब्द तरी हातात पाहिजेत. शिवाय मिनिट्स म्हणजे 'ठराव सर्वानुमते मंजूर', ती भाषा कोणाचीच नसते. जिन्यात भेटले तेव्हा मी सरळ विचारलं. म्हणाले, "मी कशाला लिहीन असलं काही? किंबहुना मला वेळच कुठे आहे." बरं.

आता जरा आपल्या बाजूला येऊ. कौटिल्याचं अर्थशास्त्र. हस्तलिखित म्हैसूरला १९०५ मध्ये शामशास्त्रींच्या हाती लागलं, आणि पुढे १९६० च्या आसपास मुंबई विद्यापीठाकडून रा. प्र. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती काढली. कंगल्यांचं मत होतं की ग्रंथ कौटिल्याचाच. पण १९७१ मध्ये थॉमस ट्राउटमान या अमेरिकन अभ्यासकाने अर्थशास्त्राला हीच मोजपट्टी लावली. संस्कृतमधले 'च', 'वा', 'एव', 'तत्र' असले शब्द मोजले. पंधरा अधिकरणांतली मोठी म्हणजे दुसरं, तिसरं आणि सातवं, एक राज्यकारभाराच्या खात्यांचं, एक कोर्टकचेरीचं, एक परराष्ट्र धोरणाचं. त्यात हे शब्द इतक्या वेगवेगळ्या प्रमाणात निघाले की त्यांनी म्हटलं, हे एका हाताचं काम नाही, तीन किंवा चार जण असावेत आणि नंतर कोणीतरी एकत्र बांधलं असावं. मला हे वाचताना थरारल्यासारखं झालं होतं, 'च' आणि 'वा', जे श्लोकात मात्रा भरायला टाकतात म्हणून आम्ही शाळेत हसायचो, त्यांनी एवढा मोठा खटला उभा केला! पण शंकाही येते. परराष्ट्र धोरणात 'हे करावं किंवा ते करावं' असे पर्याय देत जायचं असतं, तिथे 'वा' जास्त येणारच की. म्हणजे फरक लेखकाचा की विषयाचा? हा प्रश्न या अख्ख्या शास्त्राच्या मानगुटीवर बसलेला आहे आणि तो उतरवला असं मला कुठे दिसलेलं नाही.

मराठीत हे करायला गेलात की पहिल्याच पायरीला पाय घसरतो. कारण मोजायचे बारके शब्द, आणि आपले बारके शब्द सुटे कुठे आहेत? इंग्रजीत 'इन', 'ऑन', 'टू', 'ऑफ' सगळे वेगळे उभे असतात, मधे स्पेस, मशीनला उचलायला सोपे. आपण ते मोठ्या शब्दाला चिकटवतो. 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द घ्या. त्यात घर आहे, त्याचं सामान्यरूप आहे, समोर आहे, च्या आहे, ना आहे आणि सुद्धाही आहे. मशीनला हा एक अख्खा नवा शब्द दिसतो जो पुस्तकभरात एकदाच येतो, म्हणजे मोजायच्या दृष्टीने बाद. आपला 'च' बघा, 'मीच', 'तेव्हाच', 'झालंच'. 'ही' बघा, 'तोही', 'आताही'. मराठी माणसाच्या लिखाणाचं हाताचं माप खरं तर या 'च' आणि 'ही'त आहे असं मला वाटतं, काही लोकांना दर वाक्यात 'च' घातल्याशिवाय चैनच पडत नाही (बघा, आलाच). पण ते सुटे करायचे कसे? 'च' शेवटी आला म्हणून कापायला जावं तर 'पाच' चा 'पा' होतो, 'ही' कापायला जावं तर 'काही' चा 'का'.

यावर आपल्या पूर्वजांनी एक काम करून ठेवलंय. ऋग्वेदाचा पदपाठ. संहितेत संधी होऊन सगळं एकमेकांत मिसळलेलं, तर शाकल्याने एकेक पद सुटं करून वेगळा पाठ बांधला. आज भाषेच्या प्रोग्रॅममध्ये पहिली पायरी असते ती हीच, मजकुराचे तुकडे पाडणं. उगाच 'आमच्याकडे सगळं होतं' म्हणून सांगत नाहीये हं, फक्त एवढंच की शब्द कुठे संपतो हे ठरवणं म्हणजेच अर्धा अर्थ लावणं, हे ज्यांनी पदपाठ केला त्यांना नक्की माहीत होतं.

दुसरा उपाय जरा आडदांड आहे. शब्दांचा नादच सोडा, तीन-तीन चार-चार अक्षरांचे तुकडे पाडा आणि तेच मोजा, जुओलांनी जे चार गोष्टींत एक म्हणून केलं ते. 'घरासमोरच्यांनासुद्धा' मधून 'च्यांना' आपोआप तुकड्यांमध्ये येतं, व्याकरण न शिकवता. मराठीसारख्या प्रत्ययांच्या भाषेला हे बरं पडतं. फक्त तिथेही अक्षर म्हणजे काय हे ठरवावं लागतं, कारण 'कि' हे आपल्यासाठी एक अक्षर आणि कॉम्प्युटरसाठी दोन, क वेगळा आणि वेलांटी वेगळी.

कॉम्प्युटरच्या आत तर आणखीच मजा आहे. 'ॲप' मधला ॲ दोन प्रकारे टाइप होतो, एकतर ॲ हे स्वतंत्र अक्षर किंवा अ वर चंद्र. स्क्रीनवर सारखंच दिसतं, आत कोड वेगळे. 'सुऱ्या' मधला ऱ्या, तोही दोन तऱ्हांनी येतो. माणसाला एक शब्द, मशीनला दोन. आणि युनिकोड यायच्या आधीच्या डीटीपी फॉन्टमधल्या फाईली कुठल्या प्रकाशकाकडून मिळाल्याच तर त्या उघडल्यावर जे काही दिसतं त्याला मराठी म्हणायचं धाडस होत नाही.

पण सगळ्यात मोठा चकवा शुद्धलेखनाचा. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले. त्याच्या आधीचं पुस्तक उघडा, 'कांहीं', 'नाहीं', 'नांव', 'घरें'. आता समजा तुम्ही हरि नारायण आपट्यांची कादंबरी जुन्या स्कॅनवरून घेतली आणि गडकऱ्यांचं नाटक नव्या आवृत्तीवरून, आणि मशीनला विचारलं की हे दोन लेखक वेगळे ओळखता येतात का? शंभर टक्के ओळखेल. इतकं छान ओळखेल की तुम्ही पेढे वाटाल. आणि त्याने ओळखलेलं काय असेल, तर अनुस्वार. म्हणजे दोन लेखक नाही, दोन मुद्रितशोधक. असल्या चुका इतक्या गुळगुळीत असतात की आलेख सुंदर येतो आणि कोणालाच शंका येत नाही.

म्हणून आधी पाठ नक्की करणं, टाइप करणं, तपासणं, यातच या कामाचा बहुतेक वेळ जातो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली ती १९६६ मध्ये पुरी झाली, १२५९ हस्तलिखितं ताडून, कॉम्प्युटर नसताना. आज जगभरात कोणीही बसल्या जागी महाभारतात शब्द शोधतो ते त्या आवृत्तीचा मजकूर जपानमध्ये मुनेओ तोकुनागा यांनी कॉम्प्युटरवर उतरवला आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला म्हणून. मराठीत एवढं निगुतीने केलेलं साहित्याचं भांडार शोधायला गेलात तर हाताशी येतं ते विकिस्रोतावर हौशी लोकांनी चढवलेलं, आणि अलीकडे पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने जमवलेला महाकॉर्पस नावाचा मजकुराचा साठा, जो मोठा आहे पण त्यात भर बातम्यांच्या भाषेवर. बातम्यांवरून साहित्याची शैली शिकायची म्हणजे मिनिट्सवरून काका ओळखण्यासारखंच झालं.

एवढं सगळं सांगितल्यावर कोणीतरी विचारतंच, मग ज्ञानेश्वरांचं काय? प्रश्न रास्त आहे. १८९० च्या दशकाच्या शेवटी शिवराम एकनाथ भारदे यांनी 'भारद्वाज' या नावाने लिहून मोठी खळबळ उडवली होती, की ज्ञानेश्वरी लिहिणारा ज्ञानदेव वेगळा आणि अभंग लिहिणारा वेगळा. मुद्दे काय, तर अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा बरीच नवी वाटते, ज्ञानेश्वरीत विठ्ठल तसा दिसत नाही वगैरे. आता आपल्याकडे मशीन आहे, लावा डेल्टा! पण थांबा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची, आणि एकनाथांनी तिचे पाठ शुद्ध केले शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४. पुढे राजवाड्यांनी १९०९ मध्ये जी प्रत छापली तिची भाषा आणखी निराळी. म्हणजे मोजायची कुठली ज्ञानेश्वरी? अभंगांचं तर विचारूच नका, ते शतकानुशतकं टाळ-मृदंगाच्या साथीने तोंडातोंडातून आले, आणि गाणारा माणूस जुना प्रत्यय जिभेला जड झाला की नकळत आपला घालतो. नेमके तेच बारके शब्द बदलतात जे आपल्याला मोजायचेत! मोठे शब्द राहतात, विठ्ठल विठ्ठलच राहतो, पण 'तेणें', 'जैं', 'तंव' झिजून जातात. त्यात ओवी वेगळी, अभंग वेगळा, एक गीतेवरची टीका, एक भजन. मशीन म्हणेल हे दोन हात वेगळे, आणि ते खरंही असेल, फक्त दुसरा हात कवीचा की चारशे वर्षांच्या वारकऱ्यांचा हे ते सांगणार नाही. नामदेवांच्या गाथेत तर सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्यात हे जाणकारांनी मशीन नसतानाच दाखवलेलं आहे.

लेखक ओळखणं सोडून या शास्त्रात आणखीही बरंच आहे, त्यातलं एकच सांगते. फ्रँको मोरेत्ती या इटालियन प्राध्यापकाने २००० मध्ये एक शब्द काढला, दूरवाचन म्हणा त्याला. त्यांचं म्हणणं, आपण शंभर नावाजलेल्या कादंबऱ्या वाचून सगळ्या साहित्याबद्दल बोलतो, उरलेल्या हजारो कोणी वाचलेल्याच नाहीत. मग त्या एकेक न वाचता लांबून बघू. त्यांनी १७४० ते १८५० मधल्या सात हजार ब्रिटिश कादंबऱ्यांची फक्त नावं घेतली. नावं! आणि दिसलं काय, तर आधी नावातच अख्खी गोष्ट सांगायचे, आणि बाजारात पुस्तकांची गर्दी वाढली तशी नावं आखूड झाली. आपल्या बाबा पदमनजींचं १८५७ चं पुस्तक आठवा, 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण'. मराठीतली ही 'अथवा' कधी गेली हे जुन्या ग्रंथसूची घेऊन कोणीतरी मोजायला हवंय, त्याला तर अख्खं पुस्तक टाइप करायचीही गरज नाही.

यावर टीकाही सडकून झालेली आहे. २०१९ मध्ये नॅन झेड. डा यांनी एक लांबलचक लेख लिहिला, त्याचा मथितार्थ असा की या लोकांचं जे उत्तर भक्कम असतं ते आधीच सगळ्यांना माहीत असतं, आणि जे नवीन असतं ते भक्कम नसतं. जिव्हारी लागणारं वाक्य आहे. मला ते निम्मं पटतं. बरेच पेपर खरोखरच असे असतात की दहा रंगीत आलेख आणि शेवटी कळतं काय तर शोकांतिकेत दुःखाचे शब्द जास्त. पण मॅडिसनचे बारा निबंध काही आधी माहीत नव्हते.

करून बघायचं असेल तर व्हॉयंट टूल्स नावाची फुकट सोय आहे, मजकूर टाकला की शब्द मोजून देते, आणि डेल्टासाठी आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं स्टायलो नावाचं पॅकेज. मी सध्या एक उद्योग काढलाय. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यामुळे कॉपीराइटची अडचण नाही, आणि त्यांची तीन नावं होती, नाटकं गडकऱ्यांची, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोद बाळकरामांचा. माणूस एक हे पक्कं माहीत आहे. मग मशीनला न सांगता तिन्ही ढीग द्यायचे, बरोबर आपटे वगैरे त्या काळचे दोनचार जण मिसळायचे, आणि बघायचं की ते तीन ढिगांना एकत्र ठेवतं की कविता एकीकडे नाटकं एकीकडे करून टाकतं. एकत्र ठेवलं तर ज्ञानदेवांकडे बघायची थोडी हिंमत येईल. वेगवेगळं केलं तर मग 'दोन ज्ञानदेव' म्हणणाऱ्या कुठल्याही आलेखावर विश्वास ठेवायच्या आधी मी दहा वेळा विचार करेन.

अजून मोजणं सुरूही झालेलं नाही. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर चारपाच पानं टाइप करते, जुनी छापील प्रत टेबललॅम्पखाली धरून. काल 'कांहीं' वरचे दोन्ही अनुस्वार ठेवायचे की काढायचे यावर तास गेला. शेवटी दोन फाईली केल्या, एक ठेवलेली, एक काढलेली.